सात एचपी आणि वाफसा

सात एचपीचं पॉवर वीडर, म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढायचं इंजिनाचं यंत्र, दारात आलं त्या दिवशी आबांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि अर्ध्या तासाच्या आत त्या यंत्रानं आमच्या घेवड्याच्या दोन ओळी खाल्ल्या. नुसती पानं फाडली असती तर काही वाटलं नसतं. पंधरा-सोळा दिवसांची रोपं मुळासकट उपटून, माती-पाल्याचा काला करून मागं टाकली. बांधावर बघायला जमलेली चारपाच माणसं आधी गप्प झाली, मग हसली. आबा, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. खाली वाकून एक रोप उचललं, झटकलं, आणि म्हणाले, "बैलाला तोंडाला मुसकी घालता येती. ह्याला कुठं घालायची?"

2022 चा जुलै होता, आषाढी नुकतीच झाली होती. कोरेगाव तालुक्यातलं आमचं रान सगळं मिळून 1 एकर 30 गुंठे. वाघ्या घेवडा ह्याच भागातला, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, त्यामुळे खरिपात निदान 30 गुंठे घेवडा ठरलेला. उरलेल्यात सोयाबीन, 10 गुंठे आलं, आणि घरामागच्या 5 गुंठ्यांत भाजीपाला. घेवडा निघाला की त्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. नवरा भोसरीला कंपनीत, शनिवारी रात्री येतो आणि रविवारी रात्री जातो. रानात मी आणि आबा.

बैल आम्ही 2019 ला विकले. आबांचे गुडघे गेले, वैरण विकतची झाली, आणि पावणेदोन एकरासाठी दोन बैल वर्षभर सांभाळणं परवडेना. पेरणीपुरता ट्रॅक्टर मिळतो, त्याची अडचण नाही. अडचण कोळपणीची, म्हणजे उभ्या पिकात ओळींमधलं तण कापायची. ट्रॅक्टर उभ्या पिकात घालता येत नाही आणि गावात कोळपी धरणारं बैलांचं औत उरलं होतं एकच. त्या औताला आपला नंबर येईपर्यंत तण वीतभर व्हायचं, नाहीतर पाऊस यायचा. कोळपणीला मिळतात दोन, फार तर तीन दिवस. पाऊस उघडल्यावर माती चिकटायची थांबते आणि अजून कडक झालेली नसते, तेवढीच ती वेळ. तो वाफसा एकदा गेला की पुढच्या आठवड्यात औत फुकट मिळालं तरी उपयोग नाही. मग बायका लावून खुरपणी. माझ्या वहीत आहे, 2020 च्या खरिपात मी घेवड्याला जेवढं बियाणं आणि खत घातलं त्याच्यापेक्षा जास्त पैसे खुरपणीला गेले.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी सायकल कोळपं आणलं. जुन्या सायकलचं चाक पुढं, मागं दोन दांडे, मध्ये फास, म्हणजे मातीत चालणारं लोखंडी पातं. फास बदलता येतो, 6 इंची, 9 इंची, 12 इंची. दोन हातांनी पुढं ढकलायचं, थोडं मागं ओढायचं, परत ढकलायचं. बघायला खेळणं वाटतं. पहिल्या दिवशी जेमतेम 8 गुंठे झाले आणि रात्री मला ताट धरवेना. चार दिवसांनी आबांनी माझं काम बघितलं आणि चूक दाखवली. मी फास उभा लावला होता, तो मातीत घुसत होता. फास जमिनीला जवळजवळ आडवा पाहिजे, बोटभर खोलीवरून सरकत जायला पाहिजे. तण उपटायचं नाही, त्याची मान कापायची. नट सैल करून त्यांनी कोन बदलला, फास लोहाराकडून शेवटून, म्हणजे धार काढून आणायला सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी तेच कोळपं निम्म्या जोरात चालायला लागलं. विळ्याला धार लावतो तशी कोळप्याच्या फासालाही लावायची असते, हे चाळीस वर्षांच्या आयुष्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

तरीही घेवडा-सोयाबीनचे 55 गुंठे एका बाईनं दोन दिवसांत होत नाहीत. म्हणून यंत्र.

अनुदानासाठी अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर केला. 23 रुपये 60 पैसे फी. सातबारा आबांच्या नावावर, त्यामुळे अर्जही त्यांच्या नावानं करावा लागला, आणि तिथंच पंधरा दिवस गेले. आबांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर कुठल्यातरी जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद पडलेलं. ओटीपी जाणार कुठं? अंगठा लावायला गेलो तर मशीन अंगठा ओळखेना. साठ वर्षं नांगराचं रुमणं धरलेल्या बोटांवर रेषा उरणार कुठून. तिसऱ्या खेपेला ग्लिसरीन लावून, पुसून, डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. तेव्हा अर्जांची सोडत निघायची. अर्ज पडून राहिला, वर्षभरानं मेसेज आला. मग सातबारा, आठ-अ, दरपत्रक, यंत्राचा तपासणी अहवाल अपलोड करायचा, पूर्वसंमती येईपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतरच खरेदी. आधी घेतलं तर अनुदान नाही. पैसेही रोख द्यायचे नाहीत, ज्याचा अर्ज त्याच्या खात्यातून जायला पाहिजेत. मी आधी ते सगळे माझ्या खात्यात जमवून ठेवले होते, ते परत आबांच्या खात्यात फिरवले. 48,000 चं यंत्र. अल्पभूधारकाला निम्मं किंवा ठरलेली मर्यादा, यातलं जे कमी असेल ते मिळतं. आमच्या वाट्याला मर्यादा आली. पैसे दिवाळीनंतर जमा झाले.

दुकानात मी एकच प्रश्न तीनदा विचारला होता, "आमच्या दोन ओळींत 18 इंच असतात, त्यात हे चालेल का?" तिन्ही वेळा उत्तर एकच, "ॲडजस्ट होतं, मॅडम." दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. ॲडजस्ट होतंच. बाहेरची पाती काढली की तीन फुटांचा पट्टा 18 इंचांवर येतो. पण 18 इंचांच्या ओळीत 18 इंचांचं यंत्र म्हणजे दारातून दाराच्याच मापाचं कपाट आत न्यायचं. हात एक इंच इकडं झाला की डावी ओळ गेली, तिकडं झाला की उजवी. माझ्या दोन्ही गेल्या.

पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. ह्या यंत्राला चालवणारी चाकं वेगळी नसतात, माती कापणारी पातीच त्याला पुढं नेतात. मऊ माती आली की ते खाली रुततं, कडक लागली की पाती मातीत न शिरता वर चढतात आणि यंत्र उडी मारून पुढं पळतं. माणूस मागून ओढत राहतो. आपण जेवढं ओढतो तेवढं ते जास्त पळतं असं वाटतं. दोन तासांनी घरी आले तर हात थरथरत होते, बोटांना मुंग्या, आणि पाण्याचा तांब्या धरला तर पाणी हलत होतं.

उपाय यंत्रातच होता, फक्त मला माहीत नव्हता. मागं एक लोखंडी खुंटा असतो, खाली-वर करता येतो, पिन लावायची. मला वाटलं होतं तो उभं करून ठेवायचा स्टँड. खरं तर तोच ह्याचा लगाम. खुंटा खाली घेतला की तो मातीत रुतून यंत्राला मागं धरतो, मग पातींना पुढं पळता येत नाही, त्या जागच्या जागी खोल कापतात. वर घेतला की यंत्र वरवर कापत भरभर जातं. म्हणजे ओढायचं काम हातांनी करायचंच नाही, दांडा थोडा खाली दाबला की खुंटा करतो. हे मला शेजारच्या गावातल्या, आल्यात असलंच यंत्र चालवणाऱ्या एका मुलानं दाखवलं, पाच मिनिटांत. मुसकी सापडली म्हणून मी आबांना सांगितलं. ते "हं" म्हणाले.

आबांचा यंत्रावर राग नव्हता, संशय होता. ते सांगतात, किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोक म्हणायचे, लोखंडानं जमिनीला विष चढतं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कारखाना टाकला, तीच किर्लोस्करवाडी, आज सांगली जिल्ह्यात. औंध आमच्या शेजारच्याच खटाव तालुक्यात, त्यामुळे आबा ही गोष्ट घरातल्यासारखी सांगतात. शेवटी स्वतःच म्हणतात, "इष चढलं न्हाई. पण नांगर खोल गेला की खालची मुरमाड वर आली, ते कुणी सांगत न्हाई." हत्यार वाईट नसतं, ते कुठं आणि कधी घालायचं ते कळलं पाहिजे, असं त्यांना म्हणायचं असावं. मी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी मला ते दुसऱ्या वाटेनं कळायचं होतं.

त्या पहिल्या हंगामात उरलेला घेवडा सायकल कोळप्यानंच निघाला. सोयाबीनलाही तेच, फुलं लागायच्या आत, पस्तीसाव्या दिवसापर्यंत कसंबसं उरकलं. यंत्र पडवीत पोत्याखाली. येणारा-जाणारा विचारायचा, "चालतंय का?" आबा माझ्या आधी उत्तर द्यायचे, "दमलंय जरा."

2023 ला मी पेरणीच बदलली. यंत्राला ओळीत बसवता येत नसेल तर ओळीच यंत्राप्रमाणे लावू. घेवडा जोडओळीत घेतला, दोन ओळी एका फुटावर, मग अडीच फूट मोकळं, परत दोन ओळी. 30 इंचांच्या मोकळ्या पट्ट्यात 18 इंचांचं यंत्र, दोन्ही अंगांना सहा-सहा इंच श्वास घ्यायला. जोडीतल्या एका फुटात यंत्र जाणं शक्यच नाही, तिथं 6 इंची फासाचं सायकल कोळपं. आणि अगदी रोपाच्या बुडाशी खुरपं, पण आता चार बायका दोन दिवस नाही, मी आणि जाऊबाई एक सकाळ. यंत्राला 30 गुंठ्यांना तीन तास आणि साधारण तीन लिटर पेट्रोल लागलं. पेरताना पाभर धरणाऱ्यानं "वहिनी, रान वाया घालवताय" असं दोनदा ऐकवलं. ओळी कमी बसल्या हे खरं. पण मधल्या पट्ट्यात हवा खेळली, तोडणीला पाय ठेवायला जागा झाली, आणि शेंगांना मातीही कमी लागली.

वाफसा ओळखायला मात्र मला दोन वर्षं लागली. पुस्तकात सांगतात, मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा, फुटला तर वाफसा, चपटा झाला तर थांबा. ते बरोबर आहे. पण वरची माती फुटते आणि चार इंचांखाली लोणी असतं, असं आमच्या काळ्या रानात नेहमी होतं. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसून भेगाळते, आणि ह्या दोन्हींच्या मधला काळ फार थोडा. कोळपं बोटभर खोल जातं, त्याला वरचा वाफसा पुरतो. यंत्र चार-पाच इंच जातं, त्याला खालचाही लागतो. ह्याचा अर्थ कोळप्याच्या दिवशी यंत्र घालायचं नाही, आणखी एक दिवस थांबायचं. एकदा मी थांबले नाही. आभाळ भरून आलं होतं, म्हटलं पावसाच्या आत उरकू. वीस पावलांत दोन पातींच्या मधल्या सगळ्या जागा मातीनं भरल्या, पातींची फुलं दिसेनात, नुसते दोन गोल लाडू फिरत होते. मागं पडलेली ढेकळं उन्हात वाळली ती विटेसारखी. त्या पट्ट्यात पुढं शाळू विरळ उगवला, अजून दाखवता येतो तो कोपरा.

आबा काय करतात तर चप्पल काढून ओळीतून दहा पावलं चालतात, मग पाय उलटा करून तळवा बघतात. सगळ्या तळव्याला माती चिकटलेली असली तर घरी. टाचेला चिकटली आणि चवड्याला नाही, तर कोळपं. दोन्हीकडं नाही, तर यंत्र. हा तिसरा नियम त्यांनी माझ्या यंत्रासाठी नवीन केला, आणि तो केल्याचं कबूल करत नाहीत.

आता हरळीचं सांगते, कारण ती माझीच चूक आणि मोठी.

घरामागच्या 5 गुंठ्यांत बांधाकडून हरळी, ते पेरापेरातून फुटणारं चिवट गवत, आत शिरली होती. 2023 च्या एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस झाला, माती मऊ झाली, मला वाटलं हीच वेळ. बाहेरची पाती परत लावली, पूर्ण तीन फुटांचा पट्टा, खुंटा खाली, दोनदा आडवं-उभं फिरवलं. संध्याकाळी रान असं दिसत होतं की त्यावर झोपावं. चहाच्या भुकटीसारखी माती, हरळीचं नाव नाही. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

आबा काठी टेकत आले. वाकून मातीत हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. मातीत पांढरट, दोन-दोन इंचांचे तुकडे, प्रत्येकाला एक-दोन पेरं. "बेणं चांगलं केलंस," म्हणाले. मला आधी कळलंच नाही. उसाची टिपरी आपण काय करतो? डोळा ठेवून तोडतो आणि लावतो. मी हरळीचं तेच केलं होतं, सात एचपी लावून, ओल्या मातीत, 5 गुंठे. तीन आठवड्यांत सगळीकडं सारखा हिरवा गालिचा, जिथं पूर्वी नव्हती तिथंही. लव्हाळ्याच्या गाठींचंही असंच होतं, त्या फिरत्या पात्यांनी सगळ्या रानात वाटल्या जातात.

हरळीला कापायचं नसतं, ओढून वर काढायचं असतं. आबांनी पडवीच्या माळ्यावरून बाभळीचा जुना कुळव काढायला लावला. दिंड, म्हणजे त्याचं आडवं लाकूड, अजून घट्ट, फासाला गंज. भाड्याचं औत आणलं, आणि वैशाखाच्या उन्हात माती खडखडीत वाळल्यावर कुळवाच्या पाळ्या घातल्या. कुळवाचा फास मातीखालून सरकतो, हरळीच्या लांब दोऱ्या न तुटता त्याला गुंततात आणि पट्टा संपला की कुळव उचलून झटकायचा. मागून मी आणि जाऊबाई पाटीत वेचत. तीन दिवस. जी हरळी चुकून वरच राहिली ती उन्हानं काड झाली. तरी पुढं दोन वर्षं ती डोकं काढत राहिली. ह्या एका कामात बाभळीच्या लाकडानं इंजिनाला हरवलं, हे मी आबांसमोर कधी म्हटलं नाही, त्यांना माहीत आहे.

यंत्राच्या तब्येतीचं थोडक्यात. नवीन यंत्राला पहिल्या वीस तासांनी ऑईल बदलायचं असतं. मी बदललं तेव्हा काळ्या ऑईलमध्ये चंदेरी चमक दिसली, आतले नवे भाग घासून बसताना निघालेला चुरा. म्हणजे ते तसंच ठेवलं असतं तर तोच चुरा आत फिरत राहिला असता. पावसाळ्यानंतर तीन महिने उभं ठेवलं आणि परत दोरी ओढली तर सुरूच होईना. खांदा निखळायची वेळ आली. गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर उघडला, तळाशी पेट्रोलचा चिकट पिवळा थर, जेटचं सुईएवढं भोक बंद. ब्रेकच्या जुन्या केबलमधली एक तार काढून त्यानं ते भोक मोकळं केलं आणि 150 रुपये घेतले. तेव्हापासून काम संपलं की मी पेट्रोलचा कॉक बंद करते आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते, कार्बोरेटरात थेंब उरत नाही. त्याच गॅरेजात एकदा पाती धार लावून परत बसवताना डावी उजवीकडं गेली. यंत्र माती कापायच्या ऐवजी कुटायला लागलं, घोड्यासारखं नाचायला लागलं. पातं फिरताना धारेची कड आधी मातीत शिरली पाहिजे, पाठ नाही. आता पाती काढायच्या आधी मी खडूनं डा आणि उ लिहून ठेवते.

आल्यात मी ते फक्त भर लावायला, म्हणजे बुडाशी माती चढवायला घालते, मागं सरी ओढायचा रिजर जोडून, सऱ्यांमधून. उटाळणी, म्हणजे गड्ड्यांजवळची माती हलवणं, लांब दांड्याच्या खुरप्यानंच. वर गड्ड्यांच्या आजूबाजूला कुठली मुळी तोडायची आणि कुठली राखायची हे इंजिनाला कसं सांगणार.

शाळूला तर यंत्र नेतच नाही. तिथं कोळपणीचं काम तणापेक्षा ओलीसाठी जास्त असतं. कोरडवाहू शाळूला कृषी विद्यापीठाची शिफारसही जुन्याच हत्यारांची आहे, तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात फासाचं, आठव्यात दातेरी. आठव्या आठवड्यापर्यंत काळं रान भेगाळायला लागतं, आणि दातेरी कोळप्यानं वरची माती मोकळी होऊन भेगांत पडते, आतली ओल उडून जायची वाट बंद होते. एक कोळपणी अर्धं पाणी, असं म्हणतात ते ह्याच्यासाठी. यंत्र तिथं उलट चार इंचांपर्यंतची ओली माती उपसून उन्हाला दाखवेल.

गेल्या महिन्यात चुलत दीर यंत्र मागायला आले. त्यांना बांधालगतची पट्टी साफ करायची होती. मी विचारलं, "हरळी नाही ना तिथं?" ते म्हणाले, "छे, थोडं गवत हाय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र परत आलं. पेट्रोलचा कॉक उघडाच, आणि पातींच्या आसाला वेणी घातल्यासारख्या हरळीच्या दोऱ्या, इतक्या घट्ट की आस दिसत नव्हता. मी खुरपं घेऊन बसले, कापत, सोडवत, तासभर. ढीग झाला तो उचलून बांधाकडं निघाले तर आबा ओट्यावरून ओरडले, "बांधावर नगं टाकू. चुलीत घाल."